ताईची सक्तीची रजा

३ जून

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या खात्याचं परिपत्रक पोचलं. सगळ्या विभागांची जोखीम म्हणे आता हेड ऑफिसात एकाच खुर्चीवरून बघणार, आणि त्या खुर्चीवर तू! अर्ज मीही केला होता. तेव्हा पोटात दुखतंय हे लपवून काय करू? दुखतंय.

वर आमच्या शाखेची सगळ्यात मोठी जोखीम कोण, तर मी! का, तर विम्याचा प्रत्येक क्लेम माझ्याच सहीने पास होतो. अगं, अंगात ताप असताना फायली घरी मागवल्या, त्याचं हे बक्षीस? आता माझ्यावाचून शाखा चालते का बघायला सक्तीची रजा, ऑफिसात फोनही करायचा नाही. शाखा बसेल, बघशील. मग बोटं मोडतील ती तुझ्या नावाने.

राग आहे, तरी वेळेवर जेवत जा.
तुझी ताई


९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिडलीस ना? चीड! तुझं अक्षर मोत्यासारखं आणि माझं म्हणजे कोंबडीचे पाय, हे आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तेव्हा मी जळायचे, आता तुझी पाळी.

थट्टा पुरे. दुसऱ्या एका शाखेत तुझ्यासारखाच एकखांबी कारभार होता. तिथले सही करणारे गृहस्थ अंथरुणाला खिळले आणि एक क्लेम हलेना. दुकानं जळालेली माणसं दारात बसून राहिली. तुझ्याकडे तसं व्हायला नको. हाताखालच्या दोघींना सह्या करू दे आणि तू सरळ माझ्याकडे ये.

शिव्या घाल, पण पत्र बंद करू नकोस.
तुझी धाकटी


२ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

रजा संपली. तुझ्याकडे आले नाही. घरीच फोनपाशी बसून होते, म्हटलं अडलं की करतीलच. मेला एकदाही वाजला नाही.

आज गेले तर टेबल लख्ख. माझ्यासाठी एक फाईल शिल्लक नाही. साहेब खुशीत म्हणाले, एका सहीसाठी खोळंबणं नाही, त्यामुळे काम भराभर उरकलं. मी हसून छान म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. तुझा राग येतोच, पण त्या दोघींचा जास्त येतोय. केवढ्या आनंदात होत्या गं!

तुझं खरं ठरलं. लोकांना पैसे लवकर मिळाले, कंपनीचंही भलं झालं, कबूल. पण उद्या सकाळी मी तिथे जाऊन करू काय, ते तुझ्या परिपत्रकात कुठेच नाही.

लोभ आहेच, तूर्त जरा पातळ आहे.
ताई