ओवाळलेला तुकडा

६ जानेवारी, सोमवार

आज आमच्या घरी कॉफी आली. कॉफी म्हणजे कुत्री. नाव अंजलीताईंनी ठेवलंय, रंगावरून. मी दारात उभी राहून "कॉफी ये, कॉफी ये" करत होते, तर शेजारच्या कुसाबाई म्हणल्या, मीना, मला पण अर्धा कप टाक गं. लय हसलो दोघी. इंदिरानगरात येऊन दीड महिना झाला, एवढं हसले नव्हते.

ही वही पण ताईंनीच दिली. ताई रस्त्यावरची मारलेली, टाकलेली कुत्री आणतात, बरी करतात आणि घर बघून देतात. देताना त्यांची एक पद्धत हाय. महिनाभर लिहायचं, कुत्र्यानं काय खाल्लं, कुठं झोपलं, कशाला घाबरलं. आपलं काय चुकलं ते पण लिहायचं. महिन्यानं ताई येऊन वही वाचणार, मगच कुत्रं कायमचं आपलं. मी म्हणलं, ताई, माझी सातवी झालीय, अक्षर लय घाण हाय. त्या म्हणल्या, बोलतेस तसं लिही, फक्त खोटं लिहू नको.

आमचे हे पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाउसवर टेम्पो चालवतात. सीझनमध्ये पहाटे जातात, अंधार पडल्यावर येतात. दिवसभर मी आणि माझी दीड वर्षाची मनाली, म्हणजे मनू, दोघीच. तळमजल्याच्या खोल्या, दार वाजलं तरी छातीत धस्स होतं. म्हणून कुत्री घेतली.

कॉफी आल्या आल्या दिवाणाखाली घुसली. हायवेला कुठंतरी तिला साखळीनं बांधून सळईनं मारायचे म्हणे. डावा कान फाटलाय. माझ्या ध्यानात राहिलं नाय, मी केर काढायला झाडू उचलला. तिनं डोळे मिटले, मान आत ओढली आणि तिथंच मुतली. आवाज पण नाय काढला. मला लय वाईट वाटलं. झाडू आता मोरीत ठेवलाय, तिला दिसणार नाय असा.

८ जानेवारी, बुधवार

ताईंनी सांगितलं होतं तिच्या मागं लागू नको, हात पुढं करू नको, तिच्याकडं पाठ करून बस, तिची तिला येऊ दे. मी दोन दिवस दिवाणाकडं पाठ करूनच भाजी निवडली. आज दुपारी मेथी निवडत होते तर माझ्या कोपराला काहीतरी गार लागलं. तिचं नाक. मी हलले नाय. डोळ्यात पाणीच आलं.

दूध-भाकर खाल्ली. एक वाटी पाणी. जुन्या गोधडीवर झोपली, स्वयंपाकघराच्या दाराशी. मनू तिला भूभू म्हणते. आपल्या तोंडातलं बिस्किट काढून तिला दिलं. कॉफीनं एवढ्या हळू घेतलं, ओठानंच.

मनूबद्दल पण लिहिते, ताईंनी विचारलं होतं पोरगी कशी हाय. हट्टी हाय. रडायला लागली की आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो. हसायला लागली की उचकी लागेपर्यंत हसते. आणि झोपताना माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपत नाय.

१० जानेवारी, शुक्रवार

थंडी लय हाय. मनूची छाती भरलीय. दोन दिवस खोकून खोकून उलट्या. दवाखान्यातून औषध आणलं, फरक नाय. सासूबाईंना गावाला फोन केला. सासूबाई, म्हणजे विमलाबाई, गावात नजर काढायला पयलं नाव. त्या म्हणल्या, दिवेलागणीला भाकरीचा तुकडा तीनदा ओवाळ तिच्यावरून, लांब तिठ्यावर नेऊन टाक, मागं बघू नको. रस्त्यावरच्या जनावरानं खाल्ला तर खाऊ दे. घरच्या जनावराला तोंड लावू देऊ नको.

तसं केलं. तिठ्यावर टाकला.

कॉफीनं दूध-भाकर खाल्ली. झोप चांगली.

१३ जानेवारी, सोमवार

ताई, शुक्रवारी मी खोटं लिहिलं.

तिठ्यावर गेलेच नाय. त्याच्या आदल्या दिवशी मी शिळी भाकर गेटबाहेर गाईला टाकली होती, तर सोसायटीचे सेक्रेटरी चार बायांसमोर म्हणले, वहिनी, हे तुमचं खेडं नाही, कॅमेऱ्यात सगळं दिसतं. बाया हसल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. मला मेल्यासारखं झालं. मग शुक्रवारी तुकडा हातात घेऊन दारापर्यंत गेले. गेटवर तेच उभे. मी मागं फिरले. कॉफी शेपूट हलवत समोर आली. मी तुकडा तिच्या वाटीत टाकला.

एवढंच. एका मिनिटाचं काम.

शनिवारी सकाळी मनूची छाती मोकळी. घरघर नाय, काय नाय. आणि कॉफी खोकायला लागली. तसाच खोकला. आधी तीन बारीक, मग एक लांब ओढलेला. हा खोकला मी दोन दिवस ऐकला होता. ओळखायला चूक होणार नाय.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांत झाली. मनू सणाच्या दिवशी उंबऱ्यावर आपटली, कपाळाला टेंगूळ. तासभर रडली. मी एकटी. एका हातानं पोरगी, एका हातानं तिळाचा पाक. पाक करपला.

मी परत ओवाळलं.

मनू लगेच गप्प झाली. जसं कुणी बटण बंद केलं. टेंगूळ रात्रीतून बसलं. कॉफी दिवसभर डोकं भिंतीला टेकून बसली होती.

मला माहीत होतं मी काय करतेय. तरी केलं. आणि वाईट हे की कॉफी आता माझ्यावर एवढा विश्वास ठेवते. दिवेलागणीला ताटलीचा आवाज झाला की आपणहून येते, बसते, तोंड उघडते.

१९ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू केलं. सात बाया आल्या. सगळ्या म्हणल्या, मीना, पोरगी किती शहाणी गं, हूं नाय का चूं नाय, आमची असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. सेक्रेटरीच्या बायकोनं तिच्या गालाला हात लावला. मला एवढं बरं वाटलं. आता कुणी हसत नव्हतं मला.

तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. कुसाबाई म्हणल्या, आत कुणाचं बाळ गं?

मनू माझ्या मांडीवर होती.

मी म्हणलं, मोबाइल वाजतोय. आत जाऊन पाहिलं. कॉफी गोधडीवर. तोंड उघडं. मनूचा आवाज, वरच्या मजल्यापर्यंत जाणारा. मी तिचं तोंड हातानं दाबून धरलं. तिनं चावलं नाय. माझ्याकडं बघत राहिली.

मी त्याच हातानं बाहेर जाऊन तिळगूळ वाटला.

२२ जानेवारी, बुधवार

आता रोज ओवाळते. किरकिर केली की. जेवली नाय की. काल तर तिनं डबा सांडला म्हणून.

आज ध्यानात आलं. मनू कधीपासून हसली नाय. उचकी लागेपर्यंत सोडा, साधी पण नाय. बसवलं तिथं बसते. भरवलं तेवढं खाते. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, मनू, मनूडी. मनू भिंतीकडं बघत बसलेली. मान वळवली नाय.

कॉफीनं वळवली.

परत मारली हाक. परत कॉफीनंच. शेपूट हलवत पळत आली.

२६ जानेवारी, रविवार

ओवाळणं बंद केलंय चार दिवस. काय उपयोग नाय.

दुपारी मनूला घेऊन आडवी झाले. माझा कान तिच्या हाताजवळ नेला. तिनं धरला नाय. मी तिची बोटं धरून कानावर ठेवली. गळून पडली.

डोळा लागला असेल. जाग आली ती कानाला काहीतरी ओलं, मऊ लागलं म्हणून. कॉफीनं दिवाणावर डोकं ठेवलं होतं. माझ्या कानाची पाळी तिच्या ओठात. दात लागू न देता. डोळे मिटून. झोपली होती ती.

मी ओरडले नाय. हललेच नाय. ताई, खरं लिहू? मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझा कान धरला होता.

२९ जानेवारी, बुधवार

डॉक्टर म्हणले, वजन छान, छाती साफ. शांत स्वभावाची मुलं असतात, नशीब समजा. ह्यांना पण तेच वाटतं. ह्यांना पोरगी अंधार पडल्यावर झोपलेलीच दिसते. ह्यांना खोकणारी कुत्री दिसते फक्त. म्हणले, तुझ्या ताईला फोन करतो, घेऊन जाऊ दे, पोरीला काही लागेल तिचं.

मी म्हणलं नको. का नको, ते काय सांगू. आपली पोरगी मी तुकडा तुकडा करून कुत्रीला चारली?

२ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंना फोन केला. म्हणलं शेजारच्या बाईचं झालंय असं. त्या म्हणल्या, मीना, शेजारची नको सांगू मला. किती वेळा दिलं?

मी म्हणलं, एकदा.

अकरा वेळा दिलंय.

त्या म्हणल्या, एकदाच असेल तर उलटं करता येतं. कुत्रीवरून ओवाळायचं, पोरीला तुकडा द्यायचा. पण ऐक, घाई करू नको, मी येते, आधी त्या मुक्या जनावराचं स्वतःचं जे काय दुखणं-भिणं आत हाय ते बाजूला—

मागून सासऱ्यांचा आवाज आला, काय केलं गं सुनेनं? मी फोन ठेवला. परत वाजला. उचलला नाय. सगळ्या गावाला कळेल. फोन बंद करून डब्यात ठेवलाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांनी ताईंना कळवलं. ताई उद्या चारला येणार. वही बघणार, कॉफीला नेणार.

नेली तर मनू जाईल.

कसं सांगू—

कॉफी आज दारामागं उभी राहून मनूच्या चपलेला नाक लावून रडत होती. मनूनं बघितलं पण नाय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अडीच वाजले. दिवेलागण नाय अजून पण थांबायला वेळ नाय. बाजरीची भाकर केली. कॉफीला समोर बसवलं. तिनं नेहमीसारखं तोंड उघडलं. तिला वाटलं तिच्यासाठीच.

तीनदा ओवाळलं. तुकडा मनूला भरवला.

मनूनं चावला. गिळला.

तीन वाजले. मनू रडली! ताई, ती रडली, मोठ्यानं, तिच्या आवाजात. मी पण रडले. डोळे पुसायला मी हात वर केला—

तिनं डोळे मिटले. मान आत ओढली.

मी म्हणलं मनू, मी हाय, आई हाय. अजून मागं सरकली. खाली मुतली. मग रांगत दिवाणाखाली. एकदम आत, भिंतीला.

आता आवाज पण नाय.

तिचा डावा कान फाटलाय, रक्त येतंय. वरच्या कडेला. मी हात लावला नव्हता. मी कुणालाच सळईनं—

सव्वातीन. दिवाणाकडं पाठ करून बसलेय. हात पुढं करायचा नाय. तिची तिला येऊ द्यायचं. ताई, तुम्हीच शिकवलंय.

कॉफी माझ्या मांडीवर येऊन बसलीय. खोकत नाय. झाडू आज मोरीत ठेवायचा राहिलाय, समोर पडलाय, त्याच्याकडं बघत पण नाय. तिच्यातली भीती गेली सगळी. कान तोंडात धरलाय माझा. म्हणजे मनूचं अर्धं अजून हिच्यातच—

साडेतीन. दिवाणाखाली गुरगुरलं.

पावणेचार. बेल वाजतेय. ताई, तुम्ही लवकर आलात. तुम्ही हाक मारताय, मीना, दार उघड गं. तुमचा आवाज ऐकून दिवाणाखालून मनू बाहेर आलीय, रांगत. दाराकडं. शेपटी नाय तरी कंबर हलवतेय. तुम्हाला ओळखते ती. तुम्हीच तर तिला सोडवून आणलं होतं—

थांबा. दार नाय उघडत. एक तुकडा उरलाय. एकच. दोघी समोर बसल्यात. दोघींनी तोंड उघडलंय. कुणावरून ओवाळू आणि कुणाला