निळी अंडी श्रीमंत नानांच्या हाती जाऊ नयेत म्हणून

मी, संस्कृती कानिफनाथ आवारी, वय २४, बी.एस्सी., राहणार राजूर, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि रागात लिहीत आहे. रागाने माझी बुद्धी बिघडलेली नाही. बुधवारी नाशिकला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. घरात कोणी मरणाचा शब्द काढू देत नाही, म्हणून लिहून ठेवते.

१. बँकेत असेल ते आईचे, म्हणजे चांगुणाबाईंचे. माझे पदवीचे प्रमाणपत्र भिंतीवरून काढू नये. या घरातले ते पहिले आहे.

२. माझ्या निळी अंडी देणाऱ्या सात अमेरोकाना जातीच्या कोंबड्या, त्यांचा नर आणि अंडी उबवायचे मशीन शेजारच्या आरती वहिनींना द्यावे. माझे चुलते श्रीमंत नाना यांना एक पीसही मिळू नये.

३. कोंबड्या देताना फसवाफसवी होईल, म्हणून ओळख लिहिते. अमेरोकानाला दाढी आणि फुगलेले गाल असतात, तुरा बुटका, पाय पाटीच्या रंगाचे, शेपूट पूर्ण. शेपूट नसेल आणि कानाजवळ पिसांचे झुबके असतील तर ती अरौकाना. तीही निळेच अंडे देते, पण ती आपल्याकडे नाही. दाढी आहे पण पाय पांढुरके, तर पिल्लू मिश्र. नाना विकतात ती हीच.

४. मागच्या फाल्गुनात नानांनी बाजारात अशी पिल्ले “आमच्या बीएस्सीवाल्या पोरीची, निळ्या अंड्याची” म्हणून माझ्या नावाच्या चिठ्ठ्या लावून विकली. मी जाब विचारला तर म्हणाले, “पिल्लू आज इकायचं, अंडं सा म्हयन्यानी. तवर कोन इचारतंय?”

आरती वहिनींनी त्यातलीच पिल्ले घेतली होती. सहा महिन्यांनी त्यांनी विचारले. भर ओट्यावर माझ्यासमोर अंडे धरून म्हणाल्या, “ह्ये बघ तुझं निळं. मुगावानी हिरवं हाय. शिकलीस ती आमालाच फसवाया व्हय गं?” मी ते अंडे फोडून दाखवले. कवच आतून निळे, वरून तपकिरी रंग चढून हिरवे झालेले. म्हणजे आई माझी कोंबडी आणि बाप गावठी कोंबडा. त्यांना ते पटले. तरी त्या वाक्याची जखम भरलेली नाही, म्हणूनच कोंबड्या त्यांना देते. खरी निळी अंडी त्यांच्या घरात दिसावीत.

५. तो गावठी कोंबडा कोणाचा, हे लिहिणे मला जड जाते. माझा आजार कळला तेव्हा आईने म्हसोबाला नवस बोलून तो सोडला: मी बरी झाले तर चैत्राच्या जत्रेत त्याचा नैवेद्य. तोवर त्याला कोणी अडवायचे नाही. मी जाळी बांधली होती. तो बाहेर उभा राहून ओरडायचा आणि आई दार उघडायची. मी भांडले. ती म्हणाली, “देवाचा कोंबडा कोंडीत न्हाईत. तुझ्या अंड्यापरीस तुझा जीव मोठा हाय, पोरी.”

तिचे खरे आहे. पण तीन वर्षे जपलेला वाण दहा महिन्यांत नासला, आणि त्या मिश्र पिल्लांतून नानांना विकायला माल मिळाला, हेही खरे आहे. ऑपरेशन दोनदा पुढे गेले नसते तर इतके झाले नसते.

६. म्हणून शेवटची अट. मी वाचले तर कोंबडा देवाचा, नवस आईचा, मी तोंड उघडणार नाही. मी मेले तर देवाने आपली बाजू पाळली नाही असे धरावे. मग कोंबडा देवाचा उरत नाही, आमच्या घरचा होतो. त्याला कापू नये, विकू नये. त्याच दिवशी जाळीत कोंडावे, आणि कडी आईने स्वतःच्या हाताने लावावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

सही: संस्कृती कानिफनाथ आवारी

आमच्या समोर सही केली:
१. स्नेहल भाऊसाहेब देशमुख, शिक्षिका
२. बन्सी रामभाऊ मुठे, शेतकरी

स्थळ: राजूर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५