फळ्याच्या माथ्यावरची ओळ

३ फेब्रु., मंगळवार
सूनबाईचं प्लगिन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, पुरं झालं. पुण्याच्या कंपनीनं परीक्षा म्हणून मागितलंय. पसंत पडलं तर रेखाला इथंच, आमच्या गोरेगाव खेड्यात बसून, कायमचं काम.
मला शेजारी बसवून दाखवलं. दुकानदारानं नुसता रंग निवडायचा, की वेबसाइटची स्टाइलशीट, म्हणजे सगळी रंगरंगोटी, आपोआप नव्यानं लिहिली जाते. नमुन्याला हळदीचं दुकान घेतलंय. रंग सगळे सुरुवातीला एकाच नियमात, खाली फक्त त्यांची नावं. "नाना, एका फंक्शननं एकच काम करायचं. नाव वाचलं की काम कळलं पाहिजे."
जन्मभर पोरांना अलंकार शिकवले. ही एकही अलंकार न घालता लिहिते आणि वाचत राहावंसं वाटतं. मला हे कधी जमलं नाही.

४ फेब्रु., बुध.
रेखा आणि माझी बायको शांता सकाळीच हळद वाळवायला शेतावर. लॅपटॉप टेबलावर. कविता टाइप करायला रेखानंच शिकवलंय, त्यामुळे बिचकत नाही. तिची फाइल उघडली, नुसती वाचायला.
पहिली ओळ अगदी माथ्याला चिकटलेली. हात शिवशिवला. सारी नोकरी फळ्याच्या माथ्यावर सुविचार लिहिल्याशिवाय तास सुरू केला नाही. खडूची भुकटी बाहीवर, पोरं एका सुरात वाचायची… एन्टर मारून जागा केली, आणि स्वतःचीच एक जुनी ओळ लिहिली:
रंग उधळतो रोज नभी जो, त्याचे नाव विचारू नको.
सेव्ह केलं. लिहिलं की सेव्ह करा, हेही तिचंच. मग बंद केलं. सांगितलं नाही, दिसेल तेव्हा हसेल म्हणून.
दुपारी तिनं प्लगिन पाठवलं. काल रात्रीच तपासून ठेवलेलं, त्यामुळे परत उघडलं नाही. मला हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. काही बिघडणार नाही बहुधा. एक ओळ तर आहे.

६ फेब्रु., शुक्र.
पुण्याचा फोन. स्पीकरवर होता. मी ओसरीत बाजेवर, सगळं ऐकू येत होतं.
"मॅडम, प्लगिन लावलं तर साइट पांढरीफटक. आणि फाइलच्या डोक्यावर ही कविता काय?" त्यानं माझी ओळ वाचली. चालीत नाही, हजेरी घेतल्यासारखी. मागं कुणीतरी हसलं.
रेखानं फोन जवळ ओढला. मग, "सॉरी सर. माझ्याकडून राहिलं."
"कोड स्वच्छ आहे हो. पण न तपासता पाठवणारं माणूस आम्हाला चालत नाही. सोमवारी सांगतो."
नंतर फाइल उघडून स्वतःशीच पुटपुटत होती. कोडच्या आधी असल्यानं माझी ओळ दर वेळी स्टाइलशीटच्या तोंडाशी छापली जात होती. ती पहिल्या नियमाला चिकटली, ब्राउझरनं तो अख्खा नियमच टाकून दिला. सगळे रंग त्यातच होते.
तिनं ओळ खोडली. माझ्याकडे पाहिलं नाही. चहा दिला, नेहमीसारखी साखर कमी.
मी चहा प्यायलो. बाजेवर चादर ओढून पडलो.

७ फेब्रु., शनि.
शांतानं गाठलं. "काहून जेवून नाही राहिले?"
सांगितलं सगळं. आधी हसली, मग हसू गेलं.
"वर्गात काच फुटली की काय म्हणायचे तुमी? ज्यानं फोडली त्यानं उभं राहावं, मी मारणार न्हाई. व्हय ना? अन् आता स्वतः बाजेवर चादर ओढून!"
"उद्या सांगतो."
"पोरं बी असंच म्हणत असतील."

८ फेब्रु., रवि.
सांगितलं. रेखा भाकरी थापत होती. मी दारात उभा, कबुली म्हणून ती ओळच म्हटली. चालीत. मूर्खपणा.
ती थांबली नाही. "ठाऊक हाय नाना. तुमच्याबिगर या घरात आभाळाबद्दल कोन लिहितंय?"
"मग माझं नाव का नाही सांगितलं?"
"सांगून काय? म्हणतील, हिच्या घरात कोनीबी लॅपटॉपला हात लावतंय. ते तर माझ्या चुकीपेक्षा वाईट." मग भाकरी तव्यावर टाकत, "अन् तपासलं न्हाई, हे तर खरंच हाय."
म्हणजे खरं बोलूनही तिचं नुकसानच. इतकं सोपं नव्हतं हे, पोरांना उभं करताना वाटायचं तितकं. तरी म्हटलं, "मला बोलू दे त्यांच्याशी."
"बघू." भाकरी उलटली. "तुमी ती ओळ न्हाई म्हणायची पन."

९ फेब्रु., सोम.
अकराला येणार फोन. रेखानं दुरुस्त केलेलं पुन्हा तपासलं, मग पुन्हा. मी लांब बसलो, लॅपटॉपकडे पाहिलंही नाही.
सकाळपासून वाक्य जुळवतोय. नमस्कार, मी रेखाचा सासरा, निवृत्त शिक्षक… शिक्षक नको. नुसतं सासरा. पुढचं सुचत नाही. सगळे शब्द नटून येतात.
शांतानं बाज उचलून अंगणात नेली. रेखानं टेबलाशी दोन खुर्च्या मांडल्या आहेत. एक तिची. दुसरी कुणाची, ते विचारलं नाही. मी त्या रिकाम्या खुर्चीमागं उभा आहे, वही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून हे लिहितोय.
वाजतोय.