काठापर्यंतची चांदी

१४ नोव्हेंबर, रविवार सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून केला आहे असं समज. गेल्या आठवड्यात कंबर धरली होती, पण तुझ्यापुढे तेवढी सवलत घेत नाही. इकडे सगळे ठीक. तुझी भावजय उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बुडाली आहे. धाकटीचा पुढचा दात पडला आणि तो कारखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा म्हणून ती हटून बसली आहे. भावोजींचा खोकला कसा आहे?

जाड कागद हाताला लागला तेव्हा तू कपाळाला आठी घातली असशील. सगळं जग फोन करतं आणि हा शहाणा ब्रेलची पाटी-टोचणी घेऊन बसलाय. भावोजींना ब्रेल येत नाही, म्हणजे वाचायचं तुलाच. पाटी आपली तीच, कोपरा चेपलेली. मी सात वर्षांचा असताना तू मला हिच्यावर उजवीकडून डावीकडे उलटं टोचायला शिकवलंस आणि दर चुकीला एक टपली दिलीस. डोळे असलेल्या पोराला हे कशाला, असं आईनं विचारलं तर म्हणायचीस, मग मी पत्रं कोणाला लिहू? तर आज चुका मोज आणि टपल्या साठवून ठेव.

कामाची बातमी म्हणजे नव्या पट्ट्या पास झाल्या. तुला पट्ट्यांचं पुराण नको असतं, पण आज ऐक, कारण आहे. बोटाखाली ब्रेलचे ठिपके उठवणाऱ्या तुझ्या वाचनयंत्रात प्रत्येक ठिपक्याखाली एक पिझोची पट्टी असते, सिरॅमिकची, काडेपेटीतल्या काडीहून जरा रुंद. तिच्या दोन्ही अंगांना चांदीचा पातळ थर असतो, त्याला आम्ही इलेक्ट्रोड म्हणतो. तिथून वीज दिली की पट्टी वाकते आणि ठिपका वर येतो. चांदी जितकी जास्त जागा व्यापेल तितकी पट्टी जास्त वाकते, म्हणून आम्ही ती पार काठापर्यंत नेत होतो. पहिल्या दिवशी ठिपका असा टणक उठायचा की बोटाला गुदगुल्या व्हाव्यात. पण दमट हवेत ही चांदी काठावरून हळूहळू पलीकडच्या चांदीकडे सरकते, वीज मधल्यामध्ये गळते आणि पट्टी अर्धवटच वाकते. हवा कोरडी झाली की पुन्हा शहाण्यासारखी वागते. असा लबाड बिघाड पकडायला आम्हाला वर्ष लागलं.

आता काठाला अर्धा मिलिमीटर कोरा सोडतो आणि त्यावर लाखेसारखा थर देतो. तार जोडणारा कथलाचा डागही वाकणाऱ्या भागातून काढून मागे नेला, जिथे पट्टी घट्ट धरलेली असते तिथे. ठिपका किंचित कमी उठतो, पण दमट पेटीत दहा कोटी वेळा उठला आणि एकही पट्टी गेली नाही. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, माझी पाठ थोपटली. मला तो चहा गेला नाही.

का गेला नाही ते सांगायला हे पत्र आहे आणि मी आपला दात नि कंबर करत बसलोय. मघाशी तुझी भावजय मागून जाता जाता म्हणाली, "आज तू ताईंना लिहिलं नाहीस तर मी फोन करते." तिला सगळं ठाऊक आहे.

तुझं यंत्र मी माझ्या हातानं भरलं होतं. बाकीच्यांच्या यंत्रात हाताला येईल ती पट्टी जायची. तुझ्यासाठी मी तीन दिवस बसून दोन हजारांतून तीनशेवीस वेचल्या, सगळ्यात उंच उठणाऱ्या. माझ्या ताईला ठळक लागलं पाहिजे ना. आता सगळ्यात उंच उठणाऱ्या म्हणजे चांदी काठाला सगळ्यात जास्त भिडलेल्या. म्हणजे सगळ्यात आधी जाणाऱ्या. परक्यांना बरं दिलं आणि तुला निवडून निवडून वाईट दिलं. आणि तू तुझ्या ब्रेल छापखानाभर सांगत सुटलीस की हे आमच्या खुडबुड्यानं केलंय.

हे मला मार्चमध्येच कळलं. तुझ्याकडे आलो होतो, तू चहा टाकत होतीस आणि मी सहज यंत्रावर बोट फिरवलं. मधले ठिपके मेल्यासारखे उठत होते. तू आलीस आणि म्हणालीस, हल्ली बोटं दगा देतात रे, दुपारी लागतं, सकाळी लागत नाही. यंत्र बघू का, असं मी विचारलं. तू हसलीस.

"यंत्र कसं चुकेल? तू केलंयस."

खरं सांगायचं सोडून तुला म्हणालो डॉक्टरांना दाखव, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घे. ताई, आठ महिने तू त्या गोळ्या घेतल्यास. मला वाटलं, नव्या पट्ट्या झाल्या की गुपचूप बदलून टाकू, झाकली मूठ राहील. मग पंधरा दिवसांपूर्वी तू फोनवर सांगितलंस की राजीनामा दिला, तीस तारीख शेवटची. तेवीस वर्षं मुद्रितं तपासलीस आणि या यंत्रावर तपासलेल्या एका पुस्तकात अकरा चुका सुटल्या म्हणून निघालीस. वर हेही म्हणालीस की घरातली कागदी पुस्तकं वर्षभर उघडली नाहीस, बोटं गेली हे नक्की कळेल म्हणून. मी तेव्हाही गप्प बसलो. त्याची मला फार लाज वाटते.

बोटं गेली नाहीत. माझ्या पट्ट्या गेल्या. त्या अकराही चुका माझ्या. आमच्या साहेबांना सगळं सांगितलं आहे आणि यंत्र सदोष होतं असं पत्र कारखान्याच्या शिक्क्यानिशी तुझ्या छापखान्याला गेलं आहे. शनिवारी नव्या पट्ट्या घेऊन येतो. रागाव, हवं तर बोलू नकोस, पण दार उघड.

फोनवर सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, माझी समजूत काढतोयस. म्हणून कागद. आणि म्हणून आणखी एक लबाडी केली, शेवटची. पहिल्या पानावर टोचणी नेहमीसारखी दाबली. दुसऱ्या पानापासून हात हलका करत आणलाय. या ओळींना तर ती जेमतेम टेकवतोय. आत्ता डोळे मिटून बोट फिरवून पाहिलं, मला काहीच लागलं नाही. तुझ्या यंत्रातला सगळ्यात मेलेला ठिपकाही याहून वर येत होता.

तू वाचते आहेस ना, ताई? मग उद्या जाऊन राजीनामा परत घे.

तुझ्या टपलीला पात्र,
खुडबुड्या