उजाडायच्या आत

आई, आपण सगळ्या पहाटे जिथे जायचो, तो पिंपळवंडीचा बांध आता राहिलेला नाही. तिथे द्राक्षाची बाग आहे, तारेचं कुंपण आहे. पण ते ओलं गवत मला अजून पायांना लागतं. घरात संडास नव्हता आणि उसात बिबट्या होता. बसलेलं माणूस त्याला शेरडाएवढं दिसतं, असं वनखात्याची माणसं गावात सांगून गेली, तेव्हापासून तू नियम केलास. एकटीनं जायचं नाही, आणि सगळ्यांनी एकदम बसायचं नाही. एकीनं काठी घेऊन उभं राहायचं. ती एक कायम तूच. आम्ही बसलेल्या, तू आमच्याकडे पाठ करून उसाकडे बघत उभी, आणि त्याला माणसांची चाहूल लागावी म्हणून सारखी मोठ्यानं बोलतेस. "आवरा गं पोरींनो, सूर्य काय तुमच्या बापाचा गडी हाय व्हय, थांबायला?" धाकटी काकू बसल्या जागी हसायची. "जाऊबाई, तुमचं त्वांड बघूनच पळंल तो. तुमी बी बसा की." "पळंल न्हाईतर न्हाई पळायचा. तू आवर आधी. दूधवाला यायला लागलाय."

आणि तो येतोच. मोटारसायकलचा उजेड बांधावर पडला की तू काठी काखेत मारून घराकडे वळतेस, न बसताच. मग दिवसभर कांद्याची लागवड. बाया ओळीनं वाकलेल्या, वर पाटाशी पुरुषमाणसं. पाण्याचा तांब्या तुझ्यापर्यंत आला की तू नुसतं तोंड ओलं करून तो पुढे सरकवायचीस. "पेलं की जावं लागतं," एवढंच तुझं म्हणणं.

पण न पिताही लघवी तयार होतच असते, आई. रक्त मूत्रपिंडांतून सतत फिरत असतं. तिथल्या बारीक बारीक चाळण्या त्यातलं पाणी आणि घाण वेगळी करतात, कामाचं बरंचसं पाणी शरीर परत ओढून घेतं, आणि उरलेली लघवी दोन बारीक नळ्यांतून थेंबाथेंबानं खाली येते. त्या नळ्या आपल्या ठिबकच्या पाइपासारख्या निर्जीव नाहीत. घसा जसा आवळत घास पुढे ढकलतो, तशा त्या आवळत, सैल होत लघवी खाली पोचवतात. माणूस आडवं झोपलेलं असलं तरी. खाली मांसाची एक पिशवी. ती भरत जाते, ताणते, मेंदूला सांगते. तिच्या तोंडाशी दोन पकडी, एक आपोआप मिटणारी, दुसरी आपण मनानं धरलेली. जायची वेळ झाली की पकड सैल पडावी आणि पिशवीनं स्वतःला आवळावं, एवढंच. तुझी पकड सैल पडायची विसरली. सारखी ताणून राहिलेली पिशवी मग हळूहळू थकते, सांगायचं बंद करते, आणि तिच्यातला दाब नळ्यांतून वर चढत जातो.

हे सगळं मला कळलं ते नारायणगावला, तुझ्या सोनोग्राफीच्या दिवशी. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, भरपूर पाणी प्या आणि धरून ठेवा." तू म्हणालीस, "बाय, धरून ठिवायला पाणी कशाला? ते मला जलमापासून येतंय." ती खळखळून हसली. पोटावरून यंत्र फिरवून झाल्यावर तिनं सांगितलं, आता सगळं रिकामं करून या. तू गेलीस आणि लगेच आलीस. पडद्यावर पिशवी अजून भरलेली, काळीभोर दिसत होती.

"खरंच जाऊन आलात ना?"

"आले की."

"मग इतकी कशी राहिली?"

"भायेर माणसं बसल्यात रांगेनं. किती येळ बसायचं बाईमाणसानं?"

डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या फुगल्यात, फार उशीर झाला. पुढच्या कांद्याच्या वेळी ओळीत तू नव्हतीस.

यंदा त्याच टेबलावर मी झोपले. माझीही पिशवी काळी राहिली. डॉक्टरबाई विचारत होत्या, "घाई कसली करता हो? घरात सोय नाही का?" आहे. पेठच्या माझ्या घरात दोन संडास आहेत, आतून कडी लागणारे. तुझ्या किडन्यांचं त्यांना सांगितलं, तेव्हा त्या गंभीर झाल्या. "तुमच्या अजून चांगल्या आहेत. सावकाश बसा. झाल्यासारखं वाटलं तरी उठू नका, थोडं पुढं वाका, पुन्हा बघा."

त्यांना कसं सांगणार? पहाटे मी आत जाते, कडी लावते, आणि दाराबाहेर तू येतेस. पाठ करून. आवाज नाही, सावली नाही, तरी तू असतेस. माझं झाल्याशिवाय तुला बसता येणार नाही, हे मला माहीत असतं. वरच्या झरोक्यात उजेड चढू लागतो आणि मी अर्धवट उठते. तुझा नंबर लागावा म्हणून. इतकी वर्षं हेच चाललंय, आणि मला वाटायचं, माझा स्वभावच घाईचा.

एका सकाळी मी उठले नाही. फरशीवर ऊन आलं, रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या. मी पुढे वाकून बसून राहिले. बऱ्याच वेळानं पुन्हा धार आली, जाड, उबदार, कुणीतरी आतून हात सोडल्यासारखी. आणि त्याच वेळी दाराबाहेरची जागा रिकामी झाली. तू न बसताच गेलीस. मी तिथेच तोंडात पदर कोंबून रडले.

परवा तपासणी झाली. पिशवी जवळजवळ रिकामी होते आता. डॉक्टरबाई खूश झाल्या. "रोज सावकाश बसता ना?" मी म्हणाले, हो, रोज.

रोज नाही, आई. एखाद्या पहाटे मी मुद्दाम घाई करते.