डाव्या खांद्यावरून

बाई, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि माझा तुमच्यावरचा संशय अजून गेलेला नाही. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी माफी मागायला बसले आहे. मी आता शारजात असते. गोवा, मुंबई, मालदीव असं करत तेरा वर्षं पैसे घेऊन फुटबॉल खेळले, मधल्या फळीत. ते सुटल्यावर इथल्या एका क्लबमध्ये लागले. मुलींचे सामने व्हिडिओवर बघायचे आणि कोण कुठे उभी होती, कुणी कुणाला मुद्दाम पास दिला नाही, हे लिहून द्यायचं, असं काम. नवरा म्हणतो, "तुला संशय घ्यायचा पगार मिळतो." खरं आहे. आणि तो धंदा तुम्हीच शिकवलात.

कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांचे पुरुष खेळून गेले की मग उखडलेलं मैदान आपल्या वाट्याला यायचं. मी पंधरा वर्षांची आहे. समोरून चेंडू येतोय आणि तुम्ही माझ्या पाठीमागे कुठेतरी हात वर करून उभ्या आहात. चेंडू पायाशी पोचायच्या आत मान वळवून मी तुमची बोटं मोजायची आणि ओरडून आकडा सांगायचा. चुकले की तुमचा आवाज रस्त्यापर्यंत जातो, "मान काय माळा घालायला दिलीया व्हय गं? चेंडू काय, समद्यांनाच दिसतोय. मागनं कोण येतंय ते तुला दिसाय पाहिजे!" सराव संपल्यावर आम्ही सात-आठ जणी तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायचो. उकडलेली अंडी आणि भिजवलेले हरभरे. तुमची भाची, माझ्याच वयाची आणि माझ्याच जागेवर खेळणारी, अंडी सोलायची. फुटकं अंडं कुणाच्या ताटलीत जातं यावरही माझं लक्ष असायचं.

मग त्या वर्षी राज्याच्या संघाची निवड पुण्यात ठरली आणि आपल्याकडून मधल्या फळीतली एकच मुलगी जाणार होती. चार दिवस आधी सरावात माझं डोकं गोलच्या खांबावर आपटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मैदानावर फक्त मला आणि भाचीला बोलावलंत आणि माझ्या मागे जाऊन उभ्या राहिलात.

"किती?"

"तीन."

"दोन आहेत."

"तीन होती, बाई."

तुम्ही भाचीकडे बघितलंत. ती खाली बघत म्हणाली, "दोन." तुम्ही शिट्टी खिशात टाकलीत. "तू घरी बसायचं. पुण्याला ही जाईल."

आई म्हणाली, "घरची पोर पुढं केली बाईनं, दुसरं काय?" भाची निवडली गेली. मी पुढच्या वर्षी गेले, पण ते वर्ष मी कधी सोडलं नाही. बोटं मोजायला लावलीत त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी येऊन बजावून गेलात की आठ दिवस हिला पळू देऊ नका, उलटी झाली तर थेट दवाखान्यात न्या. ते सगळं मी नाटक समजले. उलटी आदल्या रात्रीच झाली होती, आणि मी ती कुणाला सांगितली नव्हती. हे माहीत असूनही, डोळे मिटले की मला तीनच बोटं दिसतात.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे आमच्या क्लबमधली एक मुलगी. नेपाळची आहे, बावीस वर्षांची, मधल्या फळीत खेळते. चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून बघणारी अशी पोर मी बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती. खोर फक्कान गावी झालेल्या सामन्यात हेडरला उडी मारताना तिचं डोकं दुसरीच्या डोक्यावर आदळलं. ती हसत उठली, खेळली. पुढच्या सामन्याचा व्हिडिओ मी जेवणाच्या टेबलावर लावला आणि सवयीप्रमाणे ती किती वेळा मान वळवते ते मोजायला लागले. उजवीकडे नेहमीइतक्याच वेळा. डावीकडे जवळजवळ नाहीच. माझी मुलगी शाळेला निघाली होती, ती म्हणाली, "मॉम, यू आर स्टॉकिंग हर." मी त्या दिवशी डायरीत लिहिलं: डावीकडे बघत नाही. का?

का, याची माझी पहिली उत्तरं चांगली नव्हती. वाटलं, डावीकडून खेळणाऱ्या मुलीशी भांडण झालं असेल. मग वाटलं, दुसऱ्या क्लबशी बोलणी चालू असतील, लक्ष नसेल. डोक्याचा मार मला तिसऱ्यांदा सुचला, आणि सुचल्यावरही मी पुढचे दोन सामने तिला खेळताना बघत राहिले. पुरावा पुरेसा नाही, असं मी स्वतःला सांगत होते. तिचा करार जूनमध्ये संपतोय, व्हिसा क्लबचा आहे, बाकावर बसलेल्या मुलीचा करार कोण वाढवणार? नुसत्या संशयावरून एखादीचं चालतं आयुष्य थांबवायचं नाही, एवढं तरी मी तुमच्यामुळे शिकले होते.

मग एका सराव-संध्याकाळी मी तिच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले आणि हात वर केला.

"कितनी?"

ती वळली. पण मान वळली नाही. दार उघडावं तशी ती कमरेपासून अख्खी वळली. "दो! खुश, दीदी?" दोनच होती. ती हसत होती आणि तिच्या हाताने जाळीचा दोर घट्ट धरलेला होता.

"चक्कर येते?"

"गर्मी है, दीदी. यहाँ किसको नहीं आती?"

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी दोन दिवस तपासण्या केल्या. डोक्याचा मार बरा झालेला नव्हता, मानेलाही इजा होती, आणि आणखी एक धक्का बसला असता तर काय झालं असतं ते त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आमची मुख्य प्रशिक्षक इजिप्तची आहे. तिने कागद वाचला, म्हणाली, "खलास," आणि यादीतून नाव खोडलं. कराराचं नंतर बघू, इन्शाल्ला.

ती मुलगी मला पार्किंगमध्ये भेटली. रडलेली नव्हती. तिने विचारलं, "दीदी, मेरी जगह कौन खेलेगी?"

"वो कोच का फैसला है."

"आपको पता है कौन."

मला माहीत होतं. तिच्या जागी इथेच वाढलेली एक मराठी मुलगी खेळणार होती. तिला बाराव्या वर्षापासून आमच्या इमारतीमागच्या मैदानावर मी शिकवलंय. क्लबकडे तिचं नाव मीच नेलं, तिची आई मला दर आठवड्याला विचारायची, "अगं, झालं का काही?" तिची नोंदणी कागदांपायी महिनाभर अडकून पडली होती.

"मैंने तुम्हारे लिए किया," मी म्हटलं.

"सब यही बोलते हैं," ती म्हणाली, आणि मान न वळवता, अख्खी वळून, बसकडे गेली.

बाई, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तुमच्याकडे कागद नव्हता. मला डॉक्टरांनी कागद दिला. तुमच्याकडे फक्त तुमची दोन बोटं होती आणि समोर माझ्यासारखी पोर. पण कागद हातात आल्यावर मला आधी काय वाटलं, तेही लिहिते. सुटल्यासारखं वाटलं, माझं बरोबर निघालं म्हणून. त्या मुलीचं डोकं कसं आहे, हा विचार थोडा मागाहून आला. म्हणजे कागद असूनही मी स्वच्छ ठरत नाही. मग कागद नसताना तुम्ही स्वच्छ होतात की नाही, हे मी इथे बसून कसं ठरवू? कदाचित बोटं दोनच असतील, आणि भाची जाणार याचा तुम्हाला थोडा आनंदही झाला असेल. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

तुमची भाची आता सांगलीत शिकवते. तिचा पत्ता मिळवून ठेवलाय. हे पत्र तिला पाठवून एवढंच विचारायचं होतं की त्या दिवशी खरंच किती बोटं होती. आता नाही पाठवणार. ती दोन म्हणाली तर माझा विश्वास बसणार नाही, तीन म्हणाली तर मला आनंद होईल, आणि त्या आनंदावर माझा विश्वास नाही.

शिवाय हे वाचून ती विचारेल, तुझ्या त्या नेपाळी मुलीबद्दल तू लगेच का नाही बोललीस. म्हणून आज सकाळी डायरी काढून तारखा लावून बघितल्या. डोक्याच्या माराचा संशय आल्यापासून डॉक्टरांना सांगेपर्यंत मी सतरा दिवस घालवले होते. मराठी मुलीची नोंदणी बुधवारी दुपारी पूर्ण झाली. डॉक्टरांना फोन मी गुरुवारी सकाळी केला.