खोलीबाहेरचा चहा

१४ जुलै

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, तुझे भावजी त्याहून जास्त. चिऊच्या आईचं ब्लडप्रेशर उतरलं असेल अशी आशा करते.

तुझा निरोप मिळाला. चिऊचा पीएचडीचा प्रवेश कोणाच्या तरी तक्रारीने अडकलाय, मुलाखती पुन्हा होणार आहेत, आणि तो नतद्रष्ट कोण ते मी शोधून काढावं. 'ताई, तू तर आतली माणूस,' असं लिहिलंयस. तर मुलाखतीच्या दिवशी ही आतली माणूस कुठे होती ते आधी ऐक.

आमच्या निवड समितीचा नियम मोठा सोवळा. नात्यातला उमेदवार आला की सदस्याने खोलीबाहेर जायचं. शिपाई त्याला चहा आणून देतो. तो चहा पिईपर्यंत आतली मंडळी नात्याची बूज राखतात. पुढल्या वर्षी त्यांच्यातलं कोणी बाहेर, आपण आत. खिसा कापायचा, पण हातमोजे घालून.

चिऊ आत गेली, मी बाहेरच्या बाकावर. शेजारी पुढची मुलगी, लेखी परीक्षेत पहिली आलेली. चहा एकच आला. मी तिच्यापुढे केला तर म्हणाली, "नको मॅडम, कपड्यांवर सांडेल."

दाराआडून हसणं ऐकू येत होतं. अध्यक्षांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? त्यावरून आपले बाबा निघाले, बाबांची पुस्तकं निघाली, बाबांचा विसरभोळेपणा निघाला. प्रबंधाचा विषय विचारायचा राहूनच गेला, हे तुझ्या लेकीनेच मला बाहेर आल्यावर हसत सांगितलं.

मग ती मुलगी आत गेली आणि मीही. अध्यक्षांचा प्रश्न तोच, घरी कोण कोण असतं? वडील इस्पितळात लादी पुसतात, ती म्हणाली. तिला आडनाव पुन्हा सांगायला लावलं, सावकाश. नाक कोणी मुरडलं नाही. आम्ही शिकलेली माणसं, आम्ही फक्त पाणी प्यायलो. त्यानंतरची तिची उत्तरं कोणी ऐकली नाहीत. मी ऐकली. बाबा असते तर खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकले असते.

ती गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "हुशार आहे हो. पण इथे रुळायची नाही."

जागा एकच होती. मुलाखतीचे गुण असे पडले की पहिली खाली आणि आपली चिऊ वर. मी म्हटलं, हे बरोबर नाही. त्यावर ते समजूत घातल्यासारखे हसले. "मॅडम, तुम्ही तर बाहेर होतात, तुमच्यावर कोण बोट ठेवणार? पुढच्या वर्षी माझा भाचा आहे. मीही जाईन की बाहेर."

धाकट्या, तो चहा मी पूर्ण प्यायले होते. तो तिथेच घशाशी आला, अजून खाली उतरलेला नाही.

चिऊ गुणी आहे, मला लेकीसारखी आहे. नीट मुलाखत झाली तर तिलाही जागा मिळू शकेल. मला तसं वाटत नाही. तुलाही वाटत नसावं, नाहीतर तू इतका चिडला नसतास. ती रडायला लागली तर तिला माझ्याकडे पाठव. तू इतक्यात येऊ नकोस.

त्या नतद्रष्टाचं नाव तुला हवं होतं. खाली सही करते.

तुझी
ताई